सिंहाची कंबर धरली तेव्हा

अडतीस वर्षं मी सिंहाचं ढुंगण होतो. लोक सभ्यपणे 'मागचा माणूस' म्हणतात, कोणी 'शेपूट' म्हणतात, पण जे आहे ते आहे. चीनमधल्या फोशानच्या लाल भुवई तालमीचा नाचातला सिंह तुम्ही कधी पाहिला असेल, तर डोळे मिचकावणारं, कान हलवणारं, दाढी झाडणारं जे मुंडकं तुम्हाला आवडलं, तो मोक. आणि त्याच्यामागे कापडाखाली वाकून, मोकच्या कमरेचा पट्टा दोन्ही मुठींत धरून, तो उडाला की त्याला हवेत तोलून धरणारा, तो मी, क्वोंग. तुम्ही मला पाहिलेलं नाही. कोणीच पाहिलेलं नाही. माझ्या सासऱ्याने लग्नाआधी मला अकरा वेळा नाचताना पाहिलं होतं, आणि पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा चहा ओतता ओतता विचारलं, "आपण काय करता?"

मीही कोणाला पाहिलेलं नाही म्हणा. कापडाखालून दिसते ती जमीन, आणि जमिनीवर मोकच्या टाचा. आम्ही नाचतो ते पातळ चपटे बूट घालून, टाचेला दुमडलेले, त्यामुळे टाचा उघड्या. डावी मधोमध फुटलेली, उजवीवर फटाक्याने भाजल्याचा तांदळाएवढा डाग. बायकोच्या चेहऱ्यापेक्षा मला त्या टाचा जास्त पाठ आहेत. हे मी एकदा तिला बोलून दाखवलं. त्यावर तीन दिवस पेज मिळाली, तीही गार.

आता तुम्हाला वाटेल, सत्तर किलोचा मोक उचलता उचलताच माझ्या कमरेची गादी सरकली असणार. छे. मला एका पातीच्या कांद्याने पाडलं. स्वयंपाकघरात कांद्याची काडी पडली, मी वाकलो, वाकलेला असताना शिंक आली. बस. मी तिथेच काटकोनात राहिलो. बायको, यूकछान तिचं नाव, आत येऊन म्हणाली, "सराव बाहेर करा की. इथे मासा तळायचाय." मी म्हणालो, "सराव नाही गं, मी अडकलोय." तिने माझ्या पाठीवर मिठाची बरणी ठेवून पाहिली. सांडली नाही, तेव्हा तिला पटलं.

इस्पितळातल्या पोरगेल्या डॉक्टरने माझ्या कण्याचा फोटो उजेडावर धरला. "चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलीय. मोमोची शिवण उसवून सारण यावं तशी. ती नस दाबतेय, म्हणून डाव्या पायात कळ जाते."

"कापणार का?"

"एवढ्यात नाही. तीन महिने आराम. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. आणि लघवी अडली किंवा पाय लुळा पडला, तर धावत या."

"धावता आलं असतं तर आलो कशाला असतो?"

तो हसला नाही. मी मनातल्या मनात मोकचे पाच पाच किलोचे चौदा तुकडे केले आणि घरी आलो.

आमच्या पंचांगातल्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या देवाचा वाढदिवस. देवळाच्या अंगणात पहिला सिंह आमच्या तालमीचा. त्याला बावीस दिवस उरले होते. मोक संत्री घेऊन भेटायला आला आणि त्यातली निम्मी बसल्या बसल्या त्यानेच खाल्ली.

"क्वोंग्या," साल चघळत तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. त्या दिवशी तू सरळ उभा असलास तर ठीक. नाहीतर माझा जावई याउ आहेच. बैलासारखा आहे. तो लागेल मागे."

"तो ढोल वाजवतो, मोक्या."

"ढोल कोणीही वाजवेल."

"आणि ढुंगण?"

"तेही कोणीही," असं म्हणून त्याने बी थुंकली.

हे लागलं. का, ते सांगतो. मुंडकं म्हातारं झालं की त्याला तालमीत पाठ टेकायची खुर्ची मिळते, भिंतीवर फोटो लागतो. शेपटाचा फोटो काय लावणार? फोटोत नुसतं कापड. शेपूट एकदा बदललं की ते कधी होतं हेसुद्धा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मला त्या कापडाखालून उठवलं असतं, तर अडतीस वर्षं मी कुठे होतो, याचा साक्षीदार म्हणून मोकच्या टाचा सोडून कोणी नव्हतं. म्हणून मी औबाईकडे गेलो.

मासळीबाजारामागच्या गल्लीत औबाईचं मालीशचं दुकान. तिच्यासकट चारही मालीशवाले आंधळे. दिवा लावायचा तो गिऱ्हाइकासाठी, आणि गिऱ्हाईक तर बाकाच्या भोकात तोंड घालून पालथं पडलेलं. म्हणून औबाई दिवाच लावत नसे. दारातून येईल तेवढा उजेड. पंचावन्नची बाई, बुटकी, मनगटं माझ्या पोटरीएवढी. तरुणपणी तिच्या गुरूने तिला सहा महिने तांदळाच्या पोत्यावर एकच अंगठा चालवायला लावला होता. वरचा एकही दाणा फुटायला नको, आणि तळाच्या दाण्यांचं पीठ व्हायला हवं. झालं म्हणतात. त्या पिठाच्या शेवया करून सगळ्यांनी खाल्ल्या. मी स्वतः खाल्ल्या नाहीत, पण ज्याने खाल्ल्या त्याच्या चुलतभावाला मी ओळखतो.

तिने माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "खूप वर्षं वाकून काम. हमाल?"

"सिंह."

"हं. शेपूट."

"कसं ओळखलंत?"

"मुंडक्याची मान आखडते. तुमची लोण्यासारखी आहे. वर बघायचं कामच पडलेलं नाही तिला." मग तिने कण्यावरून अंगठा खाली खाली नेला आणि एका जागी थांबली. "हा बघा बाहेर आलेला दीडशहाणा. याला कोणी हाताने आत ढकलू शकत नाही, मी ढकलते म्हणाले तर मला दारातून बाहेर काढा. पण याच्या भोवती तुमचं मांस घाबरून दगड झालंय. ते मी सोडवीन. मग नस आपली जागा करून घेईल."

तिने हाताची पाठ कमरेवर लाटण्यासारखी लोळवायला सुरुवात केली. अर्धा तास मी तिला मनात आशीर्वाद देत होतो. मग तिने माझ्या डाव्या कुल्ल्यात कोपर रोवलं. तिथे आईनंतर कोणी हात लावला नव्हता, आणि आईनेही कधी कोपर लावलं नव्हतं. मी असा ओरडलो की शेजारच्या मासेवालीने दोन कोळंब्या जास्त घातल्या म्हणे गिऱ्हाइकाला.

"ओरडा, ओरडा," औबाई म्हणाली. "गल्लीत ऐकू गेलं की लोकांचा विश्वास बसतो."

शेवटी गरम मिठाची पिशवी आणि सूचना: फळीवर झोपायचं, गार पाणी प्यायचं नाही, शिंक आली तर आधी भिंत धरायची, आणि काही म्हणजे काही उचलायचं नाही. मी रोज जाऊ लागलो. आठव्या दिवशी मी स्वतःचे मोजे स्वतः घातले. यूकछानने शेजारणीला बोलावून दाखवले.

अकराव्या दिवशी मी भोकात तोंड घालून पडलो होतो. खाली फरशीचा हातभर तुकडा दिसतो, त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. औबाईच्या काळ्या कापडी चपला इकडून तिकडे जात होत्या. तेवढ्यात प्लास्टिकच्या सपाता फरफटत दोन टाचा त्या तुकड्यावरून गेल्या. डावी मधोमध फुटलेली. उजवीवर तांदळाएवढा डाग.

टाचा शेजारच्या बाकाशी थांबल्या. मध्ये पडदा. बाक करकरलं, कण्हण्याचा आवाज आला.

"काल बसायला गेलो आणि बसलोच नाही, औबाई," मोक म्हणत होता. "अर्ध्यात राहिलो. उजव्या पायात मुंग्या. तरी बरं, संडासात होतो."

"तुम्हाला सांगितलं होतं, उडी बंद. वरून खाली आदळताना मणका खातो मार."

"म्हणून तर जावयाला घेतोय मागे. तो मला असा उचलेल की मला उडायलाच नको. तो क्वोंग्या आहे ना, माझा मागचा, त्याची गादी सरकलीय. देवाने आयतं कारण दिलं. माझ्याबद्दल कोणाला बोलू नका हं."

औबाईचा अंगठा तेव्हा माझ्या पाठीवर होता. ती वाकून माझ्या कानात म्हणाली, "तुमच्या पाठीने आत्ता कान टवकारले." मग शेजारच्या बाकाकडे तोंड करून म्हणाली, "मोकबुवा, इथे मी कोणाचं कोणाला सांगत नाही. इथे सगळे पालथे आणि आम्ही आंधळे. पण पाठी एकमेकींशी बोलतात, त्याला मी काय करू?"

मोकला ते वेदान्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या हॉटेलात तालमीची सगळी म्हातारी टोळी होती. मधोमध आमचे थोरले पंच, लुकआजोबा, वय एक्याऐंशी, कोंबडीचे पाय चोखत. मी सरळ त्यांच्यापुढे बोललो, "आजोबा, माझी कंबर ठीक नाही म्हणून मला काढताय. बरोबर. पण कंबर तपासायची तर दोघांची तपासा." आणि मी माझ्या जेवायच्या दोन काड्यांपैकी एक टेबलावरून खाली टाकली. "जो वाकून काडी उचलेल तो सिंहात. जो उचलणार नाही तो बाहेर."

मोकने माझ्याकडे पाहिलं. मी मोककडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी काडीकडे पाहिलं. माझ्याही ध्यानात तेव्हा आलं की या परीक्षेत मीही बसलोय.

"उचल की," मी म्हणालो.

"तुझी काडी आहे, तू उचल."

"तू मुंडकं. मान आधी तुझा."

"तू अडतीस वर्षं खालीच बघतोयस. तुला सवय आहे."

लुकआजोबांनी कोंबडीचा पाय तोंडातून काढला. "काय रे, काडी तापलीय का?"

मोक खुर्चीच्या काठाला सरकला, हात लांब केला, कपाळावर घाम आला, आणि तो म्हणाला, "चहा गार होतोय." मी खुर्चीवरून एक गुडघा खाली घ्यायला गेलो आणि माझ्या पायातून अशी वीज गेली की मी "वा, वा" म्हणालो. शेवटी वाढणाऱ्या बाईने येता येता काडी उचलली, मला नवीन दिली आणि म्हणाली, "एवढी मोठी माणसं, आणि खेळ काय करताय."

लुकआजोबांनी निकाल दिला: कोणीच उचलली नाही, म्हणजे कोणीच बाहेर नाही. त्या दिवशी दोघे नाचा. सिंहाने उडी मारून तोंडात धरायचा हिरवा पाला बांबूवर जिथे टांगतात तिथेच टांगणार, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला. सिंहाला तो मिळाला नाही, तर मुंडकंही बदलू आणि शेपूटही.

झालं. मोकला काढायला गेलो आणि आमच्या दोघांच्या गळ्यात दोरी बांधून आलो.

औबाईला सांगितलं तेव्हा तिने पंधरा मिनिटं माझ्या पाठीला हात लावला नाही. हसत होती. मग म्हणाली, "चाला. डोलायला हरकत नाही. उचललंत, तर माझ्याकडे परत येऊ नका. मी येतेय त्या दिवशी. ऐकायला."

वाढदिवसाचा दिवस आला. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. याउ ढोलावर, हिरमुसलेला. आम्ही कापडात शिरलो. मी मोकचा पट्टा धरला.

"क्वोंग्या," तो पुढून कुजबुजला, "तुला माहीत आहे ना?"

"तुझ्या टाचा मी भोकातून ओळखल्या, गाढवा."

"मग आता?"

"आता नाच."

सुरुवात बरी झाली. तीन वंदनं केली, डोलत डोलत पाल्याच्या बांबूखाली गेलो. याउने उडीचा ताल धरला. मोकने गुडघे वाकवले. मी ताकद लावायला गेलो, आणि काय झालं ते सांगायला शब्द नाहीत. कांद्याच्या वेळचं सगळं परत झालं, व्याजासकट. मी खाली बसलो. माझ्या हातात पट्टा होता, म्हणून मोकही बसला. तो बसताना ओरडला. सिंह मान टाकून अंगणाच्या मधोमध आडवा झाला.

ढोल थांबला. हजार माणसं गप्प. देवाच्या वाढदिवसाला सिंह मरणं म्हणजे तुम्हीच विचार करा.

त्या शांततेत मला काठीची टकटक ऐकू आली. मग कापडाच्या कडेखाली काळ्या कापडी चपला.

"हे कण्हणं माझ्या दुकानातलं आहे," औबाई मोठ्याने म्हणाली. "सरका. सिंहाची तब्येत बरी नाही. मी बघते."

"बाई, हा नाच आहे!" लुकआजोबा ओरडले.

"नाच नंतर. आधी कंबर."

तिने काठी टाकली, बाह्या वर सारल्या आणि सिंहाच्या पाठीवरून हात फिरवला, केसाळ कापडावरूनच. हात माझ्यावर थांबला. "हे शेपूट," ती पुटपुटली. "कुशीवर व्हा. वरचा गुडघा पुढे. श्वास सोडा." कापडाखाली मी वळलो. तिने कोपर माझ्या कुल्ल्यात रोवलं, दुसरा हात खांद्यावर. सगळं अंगण बघत होतं आणि लोकांना दिसत होतं ते एवढंच की एक बुटकी बाई सिंहाच्या ढुंगणात कोपर घालून उभी आहे. कोणीतरी हसलं. मग सगळेच. याउ पोरगं हुशार निघालं; त्याने ढोलावर हळूहळू बोटं वाजवायला सुरुवात केली, आजाऱ्याच्या छातीच्या ठोक्यांसारखी.

"तुम्ही मला परत येऊ नका म्हणाला होतात," मी कापडातून कण्हलो.

"तुम्ही कुठे आलात? मीच आलेय."

आणि तिने पिळलं. कडाड! तो आवाज नदीपलीकडे ऐकू गेला. तिथल्या तालमीने आमचे फटाके लवकर सुटले म्हणून तक्रार केली, ती अजून मिटलेली नाही. याउने त्याच क्षणी ढोलावर काठी हाणली. सिंहाचं मागचं अंग उठून उभं राहिलं. लोकांनी अंगण डोक्यावर घेतलं.

"बरा झालात असं समजू नका," औबाई कानाशी म्हणाली. "आखडलेलं सुटलंय एवढंच. आता मुंडकं." ती मोककडे गेली, दाबून पाहिलं आणि मान हलवली. "याला आज पिळायचा नाही. उडी नाही, मुंडकं पेलणंही नाही. चालता येत असेल तर मागे चाला, दुसऱ्याचा पट्टा धरून."

कापडाखाली आम्ही जागा बदलल्या. बाहेरून ते पोटात कळ आलेल्या बैलासारखं दिसलं असेल. मोकने माझ्या हातात मुंडकं दिलं. त्याला द्यायचं नव्हतं. त्याची बोटं मी एकेक करून सोडवली.

आणि मग मी सिंहाच्या तोंडातून बाहेर पाहिलं. चेहरे! हजार चेहरे, आणि एकही ओळखीचा नाही. माझ्या गल्लीतली माणसं असणार, पण मी त्यांना कधी असं पाहिलंच नव्हतं. कुठे जायचं कळेना. सवयीने मी मान खाली घातली आणि सिंह जमीन हुंगू लागला. तिथे सगळे भेटले.

लाकडी खडावा. "टोफूवाल्या शेउबाई, पाय सुजलाय, बसत जा जरा!" मी मुंडक्यातून ओरडलो. सिंहाने बोलायचं नसतं. अंगण आ वासून बघत राहिलं. पुढे दोन बूट, एकाची नाडी लाल, दुसऱ्याची पांढरी. "लुकआजोबा, दंडवत! चष्मा लावून नाडी बांधा!" आजोबांचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण बूट खूश झाले. लोक पाय पुढे करू लागले. "मला ओळख, मला ओळख!" मी ओळखत गेलो. यूकछानच्या निळ्या चपला आल्या तेव्हा सिंहाने फक्त कान हलवले. तिने पायाने सिंहाला हळूच ढकललं.

शेवटी बांबूखाली आलो. पाला वर, दुसऱ्या मजल्यावर.

"रुग्णाला उडी नाही," औबाई म्हणाली. "पाला खाली आणा."

लुकआजोबा म्हणाले, "दोनशे वर्षांत सिंहासाठी पाला खाली आलेला नाही."

"दोनशे वर्षांत सिंह कधी कुठे दुखतंय ते बोललाय? उपाशी ठेवायचा असेल तर तसं सांगा."

आजोबांनी बराच वेळ आपल्या दोन रंगांच्या नाड्या पाहिल्या असाव्यात, कारण बूट जागचे हलत नव्हते. मग म्हणाले, "आणा. पण जमिनीवर नको, वाकावं लागेल त्याला. छातीशी धरा."

याउने बांबू वाकवला. सिंहाने पाला खाल्ला, फाडला, लोकांवर थुंकला. एक पान आजोबांच्या टकलावर बसलं. ते त्यांनी दिवसभर काढलं नाही.

कापडाखाली मागून मोकचा आवाज आला, "क्वोंग्या, तुझ्या टाचा काय घाण आहेत रे. अडतीस वर्षं तू हे बघत होतास?"

"मी तुझ्या बघत होतो. माझ्या बऱ्या आहेत."

मग तो कापड वर करून बाहेर आला, सगळ्यांसमोर कमरेला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, माझीही गादी सरकलीय. महिना झाला. खोटं बोललो. शेपूट बदलायचं नाही. बदलायचं तर मला बदला."

कोणालाच बदललं नाही. दर वर्षी तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी तरुण पोरांच्या उड्या मारून झाल्या की आम्हा दोघांचा आजारी सिंह येतो, आडवा होतो, औबाई येते, पाला छातीशी धरला जातो. नदीपलीकडच्या तालमीनेही आजारी सिंह काढून पाहिला, पण त्यांची माणसं धडधाकट आहेत, त्यांना जमत नाही.

तालमीच्या भिंतीवर फोटो लागलाय. सिंह आडवा पडलाय, औबाई वाकलीय, मागे लुकआजोबांचं तोंड उघडं. खाली आजोबांनी स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलंय. नवीन पोरं विचारतात, यात क्वोंगकाका कुठे आहेत, नुसतं कापड तर दिसतंय. मी त्यांना सांगतो, बाईचं कोपर कुठे रुतलंय ते नीट बघा. तो मी.